दोन मांडवांची वायर

मास्टर क्वार्तेंग पोकुआला पाण्यात पाहायचा आणि पोकुआ मास्टरला. यात लपवाछपवी काही नव्हती. कुमासी शहराच्या आसाफो भागातल्या त्याच्या दुकानाचं शटर सकाळी वर गेलं की दोघांची तोंडं सुरू व्हायची आणि संध्याकाळी शटर खाली आलं तरी शेवटचा शब्द कोणाचा यावर भांडण उरायचंच. शेजारचा टायरवाला म्हणायचा, "या दोघांचं लग्न झालं असतं तर निदान काडीमोड तरी झाला असता."

काडीमोड सोपा हो. मास्टरकडून मोकळीक मिळवणं कठीण. कुमासीत कुठलाही धंदा शिका, शिवण शिका, वेल्डिंग शिका, नाहीतर पोकुआसारख्या इंटरनेटच्या वायरी ओढायला शिका. शेवटी मास्टरने चार माणसांसमोर उभं करायचं, डोक्यावर पाणी शिंपडायचं आणि नाव घेऊन म्हणायचं, जा, तुझ्या हाताला यश येवो. तेवढं झालं की तुम्ही कारागीर. नाही झालं तर जन्मभर कोणाची तरी शिडी धरा. गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतं, मास्टर कोण आणि मोकळीक कधी झाली? आणि बाकीचे मास्टर लोक असले कडवे की बिनमोकळिकीच्या माणसाने दुकान टाकलं तर स्वतः येऊन पाटी उतरवतात.

पोकुआची पाटी रंगवून तयार होती. ताफोला मावशीच्या कपड्यांच्या टपरीला लागून तिने हातभर जागा धरली होती आणि पाटी तिथे आतल्या अंगाला, भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. बोली तीन वर्षांची होती आणि तीन वर्षं होऊन गेली होती. मास्टर म्हणायचा, अजून एक वर्ष.

"का पण?"

"तुझा हात अजून बसला नाही."

"हात बसला नाही तर सगळ्या दुकानाच्या वायरी बांधतं कोण? तुमचा भाचा?"

हे मास्टरला झोंबायचं, कारण ते खरं होतं. दान्सो त्याच्या बहिणीचा मुलगा. आमच्याकडे बापाचं पोराला जात नाही, मामाचं भाच्याला जातं. त्यामुळे दुकान उद्या दान्सोचं होणार हे आसाफोतल्या कोंबड्यांनासुद्धा माहीत होतं. आणि दान्सोला वायरीतल्या आठ तारांत कुठल्या रंगाशेजारी कुठला रंग लावायचा हे अजून येत नव्हतं. केस मात्र दर आठवड्याला नव्या तऱ्हेने कापून यायचा. तेव्हा दुकान भाच्याला आणि राबायला पोकुआ, असा मास्टरचा सरळ बेत होता. असा फुकटचा बैल कोण सोडेल?

शिकवलं म्हणाल तर मास्टरने काय शिकवलं? शिडी धर, भोक पाड, धूळ पूस. राउटरमध्ये आकडे भरायची वेळ आली की तो लॅपटॉपची पाठ तिच्याकडे करायचा, जसं काही आत त्याची बायकोच आंघोळ करतेय. वर तिचा डावा हात. पोकुआ डावखुरी. डाव्या हाताने कोणाला काही द्यायचं नाही, कोणाचं घ्यायचं नाही, हे आमच्यात रांगतं पोरही जाणतं आणि तीही जाणून होती. देणंघेणं उजव्यानेच करायची. पण वायरीचं टोक चिमट्यात दाबायला जोर तिच्या डाव्यातच यायचा. मास्टर गिऱ्हाइकासमोर मुद्दाम म्हणायचा, "ही डाव्या हाताची वायर. हिच्यातून नुसत्या शिव्या जातील." गिऱ्हाईक हसायचं. पोकुआ दात खाऊन चिमटा दाबायची आणि मनात मास्टरच्या सात पिढ्या उद्धरायची.

जे शिकली ते थोबाडीत खाऊन शिकली. पहिल्याच वर्षी एका शाळेत टेबलाखाली तिला वायरीचं एक मोकळं टोक लोंबताना दिसलं. शेजारी आठ भोकांची डबी होती, धंद्यात जिला स्विच म्हणतात ती, आणि डबीत एक भोक रिकामं. मोकळं टोक, रिकामं भोक. तिने घातलं. माणूस आणखी काय करणार? झालं, सगळ्या शाळेचं इंटरनेट गेलं. डबीवरचे दिवे तेवढे अंगात आल्यासारखे सगळे एकदम लुकलुकायला लागले. मास्टरने तिच्या कानाखाली ठेवून दिली, सगळ्या वायरी उपटल्या, एकेक करून परत खोचल्या आणि ते उरलेलं टोक तोडून खिडकीबाहेर भिरकावलं. असं का झालं ते सांगितलं नाही. त्याचं त्यालाही माहीत नव्हतं, हे तिला फार पुढे कळलं.

पण पोकुआ ते सोडून देणारी नव्हती. भंगारातून तिने दोन जुन्या डब्या आणल्या, मावशीच्या टपरीत मांडल्या आणि तोच गुन्हा पुन्हा पुन्हा केला. फोनवर वाचलं, कळलं नाही, परत वाचलं, डोकं धरून बसली. आणि एका दुपारी तिला ते लख्ख दिसलं. यंत्राला यंत्र शोधायचं असलं की ते दवंडी पिटतं, अमुक पत्त्याचा कोण आहे रे? डबी ती दवंडी आपल्या सगळ्या भोकांतून पुढे धाडते. पलीकडची डबी ऐकते, तीही पुढे धाडते. दोन डब्यांमध्ये वाट एकच असली तर दवंडी शेवटाला जाऊन विरते. वाटा दोन असल्या, जशा शाळेत त्या मोकळ्या टोकामुळे झाल्या होत्या, तर या वाटेने गेलेली दवंडी त्या वाटेने परत येते आणि त्या येड्या डबीला स्वतःचाच आवाज ओळखू येत नाही. तिला वाटतं, कोणी नवाच ओरडतोय. ती परत पिटते. असं गोल गोल फिरत शेवटी असा कालवा माजतो की ज्याला खरंच काही बोलायचंय त्याचा शब्द कोणाच्या कानी पडत नाही. दिवे लुकलुकतात ते त्यामुळे. एक वाट काढून घेतली की सगळं शांत.

तिला इतका आनंद झाला की ती तशीच मावशीला सांगायला धावली. मावशी ऐकून म्हणाली, "आमच्या चर्चच्या बायकांत रोज हेच होतं बाई."

मास्टरला तिने यातलं अक्षर सांगितलं नाही. त्याने तिला काय सांगितलं होतं, म्हणून तिने सांगावं?

मग बंतामाचा म्हातारा बोआतेन वारला. मोठं घर, मोठं मयत. थोरला मुलगा बाफुर हॅम्बुर्गला. त्याचे तिकडचे कागद अजून झाले नव्हते. एकदा निघाला असता तर परत आत कोणी घेतलं नसतं. आणि बापाची शवपेटी पोरांनी आणायची, पेटीवर झाकण पडायच्या आधी थोरल्याने बापाशी दोन शब्द बोलायचे, वाटेसाठी पाणी द्यायचं, ही आमची रीत. न बोलता बापाला धाडला तर ते पोर पुढे कोणत्या तोंडाने स्वतःला थोरला म्हणवणार? म्हणून ठरलं की बाफुर पडद्यावरून बोलेल आणि त्याची बहीण फोरिवा त्याच्या वतीने पाण्याचा पेला बापाच्या ओठांना लावेल. इंटरनेटचं काम मास्टर क्वार्तेंगकडे आलं.

आदल्या दिवशी दुकानात पोकुआ शिडीवर हात ठेवून उभी राहिली. "मी येत नाही."

"काय?"

"आधी बोला. माझ्या मोकळिकीचं काय?"

मास्टरने टायरवाल्याकडे पाहिलं, दान्सोकडे पाहिलं. पोकुआशिवाय एवढं काम उठणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. "हे मयत नेट न तुटता पार पडलं तर येत्या रविवारी तुझी मोकळीक. मध्ये तुटलं तर आणखी एक वर्ष शिडी. बास?"

"ऐकलंत ना?" पोकुआने टायरवाल्याला विचारलं.

"ऐकलं बाई. मला मध्ये घेऊ नका."

शनिवारी सकाळी बंतामाचं अंगण काळ्या-लाल कपड्यांनी भरून गेलं होतं. अंगणात समोरासमोर दोन मांडव. एक म्हाताऱ्याच्या कुळाचा, म्हणजे त्याच्या आईकडच्या भाऊबंदांचा. दुसरा त्याच्या मुलांचा. पोरं आपल्या आईच्या कुळातली, त्यामुळे बापाच्या कुळाला ती परकीच, आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे अशा नजरेने बघत होते की त्यात मका भाजून निघाला असता. घराच्या पडवीत पलंगावर म्हातारा सजवून ठेवला होता. पलंगाशेजारी स्टुलावर लॅपटॉप, त्याला कर्णा. अँटेनाचा खांब मुलांच्या मांडवाशी होता, कारण उंच जागा तिथेच होती. तिथे एक डबी, कुळाच्या मांडवात दुसरी डबी, मध्ये अंगणातून एक वायर. कुळाच्या मांडवातही मोठा पडदा होता. पोकुआने सगळं पहाटेपासून बांधलं होतं आणि सगळं चालत होतं.

कुळाचा कारभारी ओपान्यिन दार्को, ज्याला सगळे मानाने नाना म्हणत, काठी टेकत आला आणि वायरीपाशी थांबला.

"ही कुठून येते?"

मास्टर लगबगीने पुढे झाला. "नाना, मुलांच्या मांडवातून. तिथे अँटेना आहे, तिथून नेट येतं आणि मग आपल्याकडे..."

"म्हणजे बोआतेनचं कूळ मुलांपुढे हात पसरून बसणार? ते देणार आणि आम्ही घेणार? मयत कोणाचं आहे?"

"नाना, वायरीला देणंघेणं नसतं," पोकुआ म्हणाली. "एकाच वायरीतून दोन्हीकडचं जातं-येतं."

"ही कोण?"

"कोणी नाही नाना. शिडी धरते," मास्टर म्हणाला.

"ही वायर काढा. आमच्याकडून त्यांच्याकडे घाला."

तोवर फोरिवा आली. बापासाठी रात्रभर रडून तिचा आवाज बसला होता, पण जीभ शाबूत होती. "वायरीला हात लावून बघा कोणी! पेटी आम्ही आणली, कापड आम्ही आणलं. बाप मेल्यावर तुमचा आणि पेटी आमची, होय ना नाना? आता वायर पण तुमची? आमचा दादा बोलणार आहे, आमचीच वायर राहील."

दोन्ही मांडवांतून माणसं उठली. मास्टर मधोमध सापडला. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथे तर मारच खायची वेळ. आणि मग त्याला सुचलं. असलं त्यालाच सुचू शकतं.

"नाना, फोरिवाबाई, थांबा. दोन वायरी घालू. एक मुलांकडून कुळाकडे, एक कुळाकडून मुलांकडे. मान दोघांचा!"

दोन्हीकडून माना डोलल्या. कोणीतरी 'शाबास' पण म्हणालं. पोकुआने मास्टरला अँटेनाच्या खांबाआड ओढलं.

"मास्टर, दोन वाटा झाल्या की सगळं बंद पडेल. शाळेत झालं होतं तेच."

"शाळेत तुझ्या डाव्या हाताने झालं होतं."

"हाताचं काय घेऊन बसलात? एक काढा, एक ठेवा. कुठलीही ठेवा. दवंडी गोल फिरेल नाहीतर."

"दवंडी? कसली दवंडी? इथे मयत आहे आणि हिला दवंडी सुचतेय!" त्याने चिमटा तिच्या हातात कोंबला. "मला शिकवू नकोस. जा, वायर बांध."

पोकुआने वायर बांधली. पण एका टोकाच्या आठही तारा तिने अशा आखूड कापल्या की टोकातल्या पितळी पट्ट्यांना त्या पोचूच नयेत, आणि मग चिमटा दाबला. वरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. वायर होती आणि नव्हती. तिने ती अंगणातून ओढली, दोन्ही डब्यांत खोचली. नानांनी वायरीवर दारूचा पेला ओतून पूर्वजांना हाक मारली. कुळाचा मान राहिला, मुलांचा राहिला आणि इंटरनेटही राहिलं. पोकुआ मुलांच्या मांडवात परतली, डबीशेजारी बसली आणि पहिल्यांदा पाणी प्यायली. रविवार आता एका रात्रीवर आला होता.

पडद्यावर बाफुर दिसला. मागे कुठलंसं परक्या देशाचं स्वयंपाकघर, जाड कोटावरून काळं कापड घेतलेलं, डोळे सुजलेले. "फोरिवा, आवाज येतो का?"

"येतो दादा. सगळे आहेत. पाद्री आले की तुझंच बोलणं."

तेवढ्यात दान्सो कुळाच्या मांडवातून ओरडत आला. तीन वर्षांत त्याने स्वतःहून काही तपासल्याचं कोणी पाहिलं नव्हतं, आज पाहिलं. "मामा! नानांच्या वायरीचा दिवाच लागत नाही!" त्याने दोन्ही टोकं काढून टेस्टरला लावली. आठ दिव्यांतला एकही लागला नाही. ते त्याने सगळ्यांना दिसेल असं डोक्यावर धरलं.

नाना काठी आपटत आले. "म्हणजे मुलांची वायर जिवंत आणि आमची मेलेली?"

मास्टरने पोकुआकडे पाहिलं, आणि खरं सांगायचं तर त्याच्या डोळ्यांत रागाआधी आनंद होता. "तीन वर्षं!" तो दोन्ही मांडवांना ऐकू जाईल असा गरजला. "तीन वर्षं मी हिला शिकवतोय आणि हिला एक वायर बांधता येत नाही! मयताच्या घरी मेलेली वायर! डावा हात तो डावा हात!"

"मुद्दाम केलीय ती," पोकुआ म्हणाली. "ही जिवंत केली तर सगळंच मरेल."

"ऐका! चोराच्या उलट्या बोंबा!" लोक हसले. पडवीतली रडणारी बाईसुद्धा मान वर करून हसली. "मोकळीक विसर आता. या वर्षीची विसर आणि पुढच्याही वर्षीची विसर."

ज्या कामासाठी पोकुआने ही युक्ती केली तेच काम तिच्या गळ्यात अडकवून तो तिला बुडवत होता. मेलं ते इंटरनेट, तिला वाटलं, मरू दे. तिने चिमटा उचलला आणि उजव्या हाताने, अगदी अदबीने, मास्टरपुढे धरला.

"तुम्ही बांधा मास्टर. उजव्या हाताने."

मास्टरने बाह्या सरसावल्या. आठ तारा ओळीत लावल्या, टोक दाबलं, टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागले. त्याने एक टोक कुळाच्या डबीत खोचलं, मिरवणुकीत चालावं तसा अंगण ओलांडून आला आणि दुसरं मुलांच्या डबीत खोचलं. दोन्ही डब्यांवरचे सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागले.

"बघा! याला म्हणतात वायर! दिवे बघा कसे नाचताहेत!"

दिवे नाचत होते आणि पडद्यावर बाफुर थिजला होता. तोंड अर्धवट उघडं, हात कपाळाशी नेताना मधेच अडकलेला.

"दादा?" पडवीतून फोरिवाची हाक आली. "दादा? अहो मास्टर, दादा बोलेना झाला!"

मास्टरने राउटर बंद करून चालू केला. मग डबी. मग जनरेटरवाल्याला शिव्या. मग फोन कंपनीला शिव्या. मग म्हणाला, शनिवार आहे, साऱ्या कुमासीत मयतं आहेत, सगळेच नेट वापरताहेत. नाचता येईना अंगण वाकडं. लुकलुकणारा दिवा म्हणजे चालणारं यंत्र, एवढंच त्याला आयुष्यभर माहीत होतं, आणि इथे तर झाडून सगळे दिवे लुकलुकत होते. नव्या वायरीकडे त्याने बघितलंही नाही. ती त्याची स्वतःची होती.

पोकुआ प्लास्टिकच्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसली होती.

फोरिवा पडवीतून धावत आली. दारात शववाहिका उभी होती, पाद्री घड्याळ बघत होता. "इथे कोणाला काही येतं की नाही?"

"मला येतं," पोकुआ म्हणाली.

"मग बसलीस काय? ऊठ ना!"

"माझे मास्टर म्हणतात माझा हात बसला नाही. न बसलेला हात मयताच्या घरी कशाला लावू?"

मास्टरचा चेहरा काळाठिक्कर पडला. "हरामखोर कार्टे, तू काही केलंयस."

"जे केलं ते तुम्हीच केलंत, सगळ्यांनी पाहिलंय. मला मोकळीक द्या. इथे, आत्ता, नानांसमोर. मग दुरुस्त करते."

"मरेन पण देणार नाही."

"नका देऊ."

नाना म्हणाले, "पेटी थांबायची नाही. ज्याला बापाशी बोलायचं होतं त्याने विमानात बसायचं होतं." आणि ते काठी टेकत पडवीकडे चालू लागले. फोरिवाने त्यांच्या कापडाचं टोक धरलं, "नाना, पाया पडते, थोडं थांबा," आणि त्यांनी ते सोडवून घेतलं. मग ती मास्टरकडे वळली आणि त्याचा दंड धरून त्याला हलवला. "अहो द्या ना तिला काय हवं ते! एक शब्दच द्यायचाय ना? माझा दादा तिकडे उभा आहे हो!"

मास्टरने पुन्हा एकदा राउटर बंद-चालू केला. दिवे पुन्हा नाचले. बाफुर तसाच, तोंड अर्धवट उघडं. आता आजूबाजूचे लोक पोकुआला नव्हे, त्याला हसत होते. त्याने टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला, बोटं बुडवली आणि माशी हाकलावी तसे चार थेंब तिच्याकडे उडवले.

"जा, हाताला यश येवो."

"कोणाच्या हाताला?"

"तुझ्या!"

"नाव घेऊन म्हणतात, मास्टर."

पडवीत गाणं सुरू झालं. झाकण ठेवताना म्हणतात ते गाणं. कुमासीत वाढलेल्या कोणालाही ते दोन ओळींत ओळखू येतं. फोरिवा ते ऐकून किंचाळली आणि पडवीकडे पळत सुटली. पोकुआलाही ते ऐकू आलं. नाही आलं असं तिने पुढे कधी म्हटलं नाही. वायर तिच्यापासून हातभर अंतरावर होती. पण तीन वर्षं तिने या माणसाच्या तोंडून आपलं नाव निघायची वाट पाहिली होती, आणि ते नाव आता त्याच्या दातांपर्यंत आलं होतं.

"पोकुआ," मास्टर म्हणाला. थुंकलाच तो ते. "आसाफोच्या क्वार्तेंगकडे शिकलेली पोकुआ. जा. तुझ्या हाताला यश येवो."

"दोन्ही."

"काय?"

"दोन्ही हातांना म्हणा. डाव्यालाही."

मास्टरने डोळे मिटले. पडवीत गाण्याचं दुसरं कडवं संपत आलं होतं. "दोन्ही हातांना," तो म्हणाला.

पोकुआ उठली. कुळाची वायर तिने तशीच ठेवली. तिच्यावर नाना दारू ओतून बसले होते, तिला हात लावला असता तर नवा दंगा. मुलांची जुनी वायर तिने डाव्या हाताने उपटली. एक वाट गेली, एक राहिली, आणि दिवे शांत झाले. एवढंच काम होतं. मास्टर बघत राहिला. मोकळीक मिळाली की त्याच्याकडे शेवटचं एकदा हसून बघायचं तिने पहाटेच ठरवलं होतं, ते ती विसरली आणि पडवीकडे धावली.

पडवी रिकामी होती. पलंगावर पांढरी जाळी चुरगळून पडली होती. माणसं पेटी घेऊन फाटकातून बाहेर पडत होती आणि सगळ्यांत मागे दोन बायकांनी धरलेली फोरिवा. पेटी नेताना कोणाचा तरी धक्का लागून स्टूल फिरलं होतं. लॅपटॉपचं तोंड भिंतीकडे झालं होतं. कर्ण्यातून आवाज येत होता.

"फोरिवा? येतोय का आवाज? मधेच गेला होता. मी थांबलोय हं. कोणी आहे का तिथे?"

पोकुआ वाकून भिंत आणि पडदा यांच्यामध्ये आली. बाफुरच्या उजव्या हातात पाण्याने भरलेला पेला होता. त्यानेही तो तिकडे भरून ठेवला होता.

"कोण तू? तू दुरुस्त केलंस का?"

"हो."

"देव तुझं भलं करो बाई. मला वाटलं, संपलं आता." त्याने कोपराने डोळे पुसले, पेला सांडू दिला नाही. "तुझ्या हाताला यश येवो. नाव काय तुझं?"

तिने फाटकाकडे पाहिलं.

"बरं असू दे, मागून सांग. तुझ्यामागे मला भिंतच दिसतेय. जरा बाबांकडे वळव ना."

बाहेर शववाहिकेचा भोंगा वाजला आणि हळूहळू लांब गेला. पोकुआने दोन्ही हातांनी स्टूल धरलं होतं, आणि ते तिला वळवता येईना.